सैनिकाचे पाऊल आणि सरकारी बूट

चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस परंगीमलै नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी, ज्या स्थळास इंग्रजी अमदानीपासून सेंट थॉमस माउंट म्हणतात तेथे, भारतीय सैन्याची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. तेथून दक्षिणेस जाणारा ग्रँड सदर्न ट्रंक रोड थोड्याच अंतरावर पल्लावरम आणि क्रोमपेट या उपनगरांतून, म्हणजे मद्रासच्या चामड्याच्या धंद्याच्या जुन्या मुलखातून जातो; आणि पूर्वेस अड्यार येथे १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. बूट घालून घडणारा सैनिक, बुटाचे चामडे कमावणारा कारागीर आणि बुटाचे शास्त्र जाणणारा संशोधक हे तिघेही दहा-बारा किलोमीटरांच्या परिघात एकत्र आले आहेत असे स्थळ आपल्या देशात विरळाच. म्हणूनच, सैनिकाच्या पायात घातले जाणारे सरकारी बूट त्याच्या पायाच्या स्नायूंचे श्रम हलके करतात की वाढवितात, आणि त्याचा तोल सावरतात की ढळवितात, या प्रश्नाचा समग्र विचार करावयाचा तर तो चेन्नईच्या भूमीवर उभे राहून करणे प्रस्तुत लेखकास सोयीचे आणि उचितही वाटते.

या अकादमीचा जन्मच मुळी एका अशा युद्धातून झाला, की ज्यात पादत्राणांच्या अभावाची किंमत राष्ट्राला रक्ताने द्यावी लागली. १९६२ च्या हिवाळ्यात नेफा आणि लडाखच्या बर्फात आपले कित्येक जवान सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून लढले, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. त्या पराभवानंतर अधिकाऱ्यांची निकड तीव्रतेने भासली आणि १९६३ साली पुणे व मद्रास या दोन ठिकाणी ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू करण्याची तजवीज झाली; पैकी पुण्याची शाळा पुढच्याच वर्षी बंद पडली, मद्रासची मात्र टिकली, आणि १९८८ साली तिला अकादमी हे नाव मिळाले. तिच्या कवायतीच्या मैदानास मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव दिलेले आहे. मुंबईत जन्मलेले, १९७२ साली याच संस्थेतून सैन्यात दाखल झालेले आणि महार रेजिमेंटच्या तुकडीचे नेतृत्व करीत असता १९८७ च्या नोव्हेंबरात श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले हे परमवीर मराठी वाचकास परके वाटू नयेत. त्या मैदानावर दर वर्षी शेकडो तरुण आणि, १९९२ पासून, तरुणीही टाच आपटीत पाऊल टाकावयास शिकतात.

बुटाच्या इतिहासात मद्रासचा वाटा याहून जुना आहे. तरवडाच्या सालीने, जिला तमिळ लोक आवारम म्हणतात तिने, कमावलेली गुराढोरांची कातडी ‘ईस्ट इंडिया’ या नावाने मद्रास इलाख्यातून विलायतेस जात असत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजांच्या बुटांचा वरचा भाग शिवण्यासाठी या चामड्याची इतकी निकड निर्माण झाली, की १९१६ नंतर सरकारने त्याचा व्यापारच आपल्या ताब्यात घेतला. फ्लँडर्सच्या चिखलात चाललेल्या पुष्कळ पावलांवर अशा रीतीने तरवडाचा रंग होता. एतद्देशीय शिपाई मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुधा वहाणांतच कवायत करी, आणि वायव्य सरहद्दीच्या खडकाळ मुलखात तर खिळे मारलेली उघडी चपली विसाव्या शतकातही सैन्याने सोडली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात हिंडणाऱ्या ब्रिटिश लाँग रेंज डेझर्ट ग्रुपनेही आरंभी तीच पसंत केली. रोमन सैनिकांचे खिळेदार उघडे पादत्राण आठवले म्हणजे घोट्याच्या वर चढलेले बंद बूट हाच सैनिकाच्या पायाचा स्वाभाविक वेश होय, ही समजूत किती अलीकडची आहे ते ध्यानात येते.

सैनिकाच्या बुटाचा शास्त्रीय विचार जर एका माणसाच्या नावाने सुरू करावयाचा असेल तर तो अमेरिकी लष्करातील वैद्यकीय अधिकारी एडवर्ड मन्सन याच्या नावाने करावा लागेल. सुमारे २,००० सैनिकांच्या पावलांची तपासणी करून त्याने १९१२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बूट पावलाप्रमाणे घडवावा, पाऊल बुटाप्रमाणे घडवू नये, या साध्या तत्त्वाचा आग्रह धरलेला होता, आणि त्याप्रमाणे त्याने नवे कालबूत, म्हणजे बूट शिवण्याचा साचा, तयार करविले, ज्याचा चवडा प्रशस्त आणि आतली कड सरळ होती. त्या कालबुतावर पुढे कित्येक वर्षे अमेरिकी सैन्याचे बूट शिवले गेले. मन्सनचा प्रश्न मात्र पावलाच्या आकारापुरता होता. बुटामुळे वरच्या स्नायूंचे काय होते हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. ते साधन, म्हणजे कातडीवर विद्युदग्रे चिकटवून स्नायूंतील सूक्ष्म विद्युत् मोजण्याची इलेक्ट्रोमायोग्राफी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आले, आणि मग या प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

मनुष्य उभा असतो तेव्हा तो स्थिर असतो असे आपल्याला वाटते, परंतु वस्तुतः तो अखंड डोलत असतो, आणि त्या डोलण्याला क्षणोक्षणी आवर घालण्याचे काम पोटरीचे गॅस्ट्रोक्नेमियस व सोलियस, नडगीच्या पुढचा टिबियालिस अँटिरियर आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाचे पेरोनियल हे स्नायू करीत असतात. या कामासाठी त्यांना तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळ्यांकडून, अंतर्कर्णातील तोलाच्या इंद्रियाकडून, आणि तळपायाची कातडी व घोट्याचे सांधे यांच्याकडून. पैकी तिसरी खबर रात्रीच्या गस्तीत, जेव्हा डोळे निरुपयोगी होतात, सर्वांत मोलाची ठरते. बूट हा नेमका या तिसऱ्या खबरीच्या वाटेवर येऊन बसतो. जाड तळ जमिनीचे काठिण्य, उतार आणि खडे तळपायापर्यंत पोहोचू देत नाही. घोट्याभोवती आवळलेली नळी सांध्याची हालचाल मर्यादित करते, पण त्याच वेळी कातडीवर दाब देऊन घोटा कोठे आहे याची एक निराळी जाणीवही पुरविते. म्हणून बुटाने तोलाचे नुकसान होते किंवा फायदा होतो असे एका शब्दात सांगता येत नाही. त्याच्या तळाचा हिशेब वेगळा, नळीचा वेगळा आणि वजनाचा तिसरा.

तळाचा हिशेब प्रथम घेऊ. कॅनडातील संशोधक रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी वयस्क पुरुषांना निरनिराळ्या जाडीच्या व मऊपणाच्या तळांचे बूट घालून अरुंद पट्टीवरून चालावयास लावले, तेव्हा असे आढळले, की तळ जितका जाड आणि मऊ तितका तोल वाईट, आणि पातळ व टणक तळावर तो सर्वांत चांगला. बुटाच्या जाहिरातींनी मऊपणाला जे माहात्म्य मिळवून दिले आहे त्याच्याशी हा निष्कर्ष पूर्ण विसंगत आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो लष्करी बुटाच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मऊ तळ आघात शोषतो हे खरे, परंतु जमीन आणि पाऊल यांच्यामध्ये तो एक डळमळीत थर निर्माण करतो, आणि त्या थरावर स्थिर राहण्यासाठी घोट्याच्या स्नायूंना अधिक काळ जागे राहावे लागते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात चंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीचे जड लष्करी बूट आणि पातळ तळाचे हलके लष्करी बूट यांची तुलना करणारे जे अनेक प्रयोग गेल्या दशकात केले, त्यांतही निष्कर्ष एकमुखी नाहीत. कोठे उंच नळीचा लाभ दिसतो, कोठे पातळ तळाचा. ओझे वाहून स्नायू थकल्यावर मात्र, बूट कोणताही असो, तोल राखणे कठीण होते.

नळीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. घोटा मुरगळतो तो बहुधा पाऊल आत वळून, आणि त्याला रोखण्याची जबाबदारी पेरोनियल स्नायूंवर असते; पण पाऊल अकस्मात वळल्यापासून या स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होईपर्यंत सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका वेळ जातो, आणि तेवढ्यात पुष्कळदा इजा होऊन चुकलेली असते. उंच नळी ही उणीव भरून काढील अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रयोगशाळेत तिला आधारही मिळतो: १९९५ साली ओटाविआनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की उंच नळीचा बूट घातलेला पाय आतल्या वळणाला अधिक जोराने विरोध करू शकतो. मैदानात मात्र चित्र तितके स्वच्छ नाही. १९९३ साली बॅरेट यांनी ६२२ महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंमध्ये उंच आणि आखूड नळीच्या बुटांची तुलना केली, तेव्हा घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. उलटपक्षी, छत्रीधारी सैनिकांच्या बाबतीत बुटाच्या बाहेरून बांधलेला टणक आधार निश्चित उपयोगी पडला. अमेरिकेतील फोर्ट बेनिंग येथे ७४५ प्रशिक्षणार्थींवर झालेल्या १९९८ सालच्या अभ्यासात आधाराविना उडी घेणाऱ्यांत आत मुरगळण्याचे प्रमाण १.९ टक्के होते, तर आधार बांधलेल्यांत ०.३ टक्के. उंचावरून जमिनीवर आदळण्याच्या एका क्षणासाठी जे हितकर आहे तेच दिवसभराच्या चालीसाठी हितकर असते, असे मात्र यावरून मानता येणार नाही.

तसे ते नसतेच, याचा उत्तम दाखला म्युनिकचे ब्योम आणि ह्योस्ल यांच्या २०१० सालच्या अभ्यासात मिळतो. पंधरा निरोगी माणसांना मऊ आणि कडक नळीचे बूट घालून त्यांनी ओबडधोबड पृष्ठभागावरून चालविले. कडक नळीने घोट्याची हालचाल कमी केली, ही अपेक्षित गोष्ट झाली. परंतु चालताना जी ऊर्जा घोटा शोषून घेतो ती आता त्याला शोषता येईना, तेव्हा तो भार गुडघ्यावर गेला, आणि गुडघ्याच्या पुढचे व मागचे स्नायू, जे सामान्यतः आळीपाळीने काम करतात, ते एकाच वेळी आकुंचन पावू लागले. अशा रीतीने स्नायूंनी परस्परांविरुद्ध ताणून सांधा घट्ट धरणे म्हणजे शक्तीचा अपव्यय होय, आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या सैनिकास तो परवडणारा नाही. त्यापूर्वी, २००७ साली, स्लोव्हेनियाच्या सिकायलो आणि मात्याचिच यांनी लष्करी बुटांचीच तुलना करून मऊ नळीत घोट्याची रेटण्याची शक्ती अधिक राहते असे दाखविले होते. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले म्हणजे निष्कर्ष असा दिसतो: घोट्याला दिलेल्या आधाराचे मोल चालताना गुडघ्याकडून वसूल होऊ शकते. गुडघ्याच्या दुखण्याने प्रशिक्षण अर्धवट राहिलेल्या रंगरुटाची कैफियत ऐकताना वैद्याने त्याच्या बुटाची नळीही हाताने वाकवून पाहावी, असे म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

जर्मन हवाई दलाच्या ३७ सैनिकांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे विशेष उल्लेखनीय आहे, कारण त्यात प्रयोगशाळेतील नमुन्याचे बूट नव्हते, तर सरकारी कोठारातून मिळणारीच पादत्राणे होती: गणवेशाचे चामडी बूट, लढाऊ बूट, खेळाचे बूट इत्यादी. चालताना पोटरीच्या, नडगीच्या व मांडीच्या स्नायूंची विद्युत् मोजली असता पादत्राण बदलताच स्नायूंच्या कामाची वाटणीही बदलते असे दिसून आले. नडगीच्या पुढचा स्नायू टाच टेकल्यानंतर पाऊल हळूच जमिनीवर उतरविण्याचे आणि पाऊल उचलल्यावर चवडा वर धरण्याचे काम करतो; तळ कडक व बूट जड असला की ही दोन्ही कामे अवघड होतात. मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस तर प्रत्येक पावलागणिक बुटाचे वजन उचलून पुढे नेतो. नव्या रंगरुटांच्या नडगीत आणि गुडघ्याच्या पुढच्या अंगास जी दुखणी उद्भवतात, त्यांचे एक मूळ स्नायूंच्या या वाढीव श्रमात शोधणे सयुक्तिक ठरते.

वजनासंबंधी तर वादाला जागाच उरलेली नाही, आणि या साऱ्या विषयात मतभेदाविना सिद्ध झालेली एखादी गोष्ट असेल तर ती हीच. १९६९ साली अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील प्रयोगशाळेत सूल आणि गोल्डमन यांनी दाखविले, की पायावर लादलेला भार, चालण्याच्या वेगानुसार, धडावरील तितक्याच भारापेक्षा सुमारे चार ते सहा पट महाग पडतो. लेग आणि महंती यांनी १९८६ साली काढलेले प्रमाण ६.४ पट होते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी शरीरक्रियातज्ज्ञ ग्रिफिथ पग यांनी हलक्या बुटांचा आग्रह धरला तो याच जाणिवेने. चामडी लढाऊ बुटांची जोडी सामान्यतः दीड ते दोन किलोंची असते, आणि धावण्याच्या बुटांची त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे पायांवरचा एक किलो जरी कमी करता आला, तरी पाठीवरचे चार ते सहा किलो उतरविल्याइतका दिलासा शरीराला मिळतो. पाठीवरच्या पिशवीतील एकेक वस्तू तोलून कमी करणाऱ्या लष्करी खात्यांनी बुटाच्या तळाकडेही त्याच चिकाटीने पाहावयास हवे.

स्नायू थकले म्हणजे हाडे उघडी पडतात. पळताना व चालताना होणाऱ्या आघाताचा मोठा हिस्सा स्नायू शोषतात. ते शिणले की तो हिस्सा नडगीच्या आणि तळपायाच्या हाडांवर जातो, आणि त्यांत बारीक भेगा पडू लागतात. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या शल्यवैद्याने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे जे वर्णन केले, ते याच विकाराचे पहिले वर्णन समजले जाते. इस्राएली पायदळातील २९५ रंगरुटांची मिलग्रोम आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा ३१ टक्के तरुणांत अशा भेगा आढळल्या. तो अहवाल १९८५ सालचा. बूट बदलून हे टळेल काय, हे पाहण्यासाठी त्यांनीच पुढे ३९० रंगरुटांपैकी काहींना सुधारित बास्केटबॉल बूट आणि काहींना नेहमीचे पायदळी बूट देऊन शिकविले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मननीय आहे: मऊ बुटांनी पावलाच्या हाडांच्या भेगा घटल्या, पण एकूण इजांचे प्रमाण मात्र घटले नाही. एका ठिकाणी टळलेला आघात वर कोठेतरी प्रकट होतच होता. त्यानंतर अमेरिकी लष्करात नॅपिक यांनी पावलाच्या कमानीचा आकार पाहून त्यानुसार धावण्याचे बूट नेमून देण्याचा प्रयोग भूदल, हवाई दल आणि मरीन अशा तिन्ही दलांत केला, आणि त्यानेही इजा कमी झाल्या नाहीत. कमानीवरून बूट ठरविण्याची जी पद्धत दुकानदारांनी शास्त्र म्हणून प्रचलित केली आहे तिचा पाया किती कच्चा आहे, हे यावरून उघड होते.

कमानीचा प्रश्न निघालाच आहे तर भरतीच्या एका जुन्या शिरस्त्याविषयी लिहिणे प्राप्त आहे. सपाट तळव्याचा उमेदवार नापास, हा नियम आपल्याकडे गावोगावच्या तरुणांना तोंडपाठ आहे, आणि त्यापायी कित्येकांच्या आशा भंगल्या आहेत. कडक, वेदनायुक्त सपाट पाऊल निराळे; परंतु केवळ कमान बसकी असणे हे दुर्बलतेचे लक्षण आहे काय? १९९३ साली कोवान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींची पावले मोजली, तेव्हा सर्वांत सपाट पावलांच्या गटात इजा सर्वांत कमी आणि उंच कमानींच्या गटात अधिक, असे उलटेच चित्र दिसले. कमान घडते कशी, याविषयीचे उत्तम संशोधन आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच झालेले आहे. कर्नाटकात राव आणि जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांचे पाऊलठसे घेतले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्यांत अवघे २.८ टक्के होते, आणि बोटे झाकणारे बंद बूट हे सर्वांत घातक ठरले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात सह्याद्रीच्या खोऱ्यांतून आलेला, बालपण अनवाणी किंवा वहाणेत काढलेला जो रंगरूट भरती होई, त्याचा रुंद, सुट्या बोटांचा पाय हा शहरी डोळ्यांस बेढब वाटला तरी स्नायूंच्या दृष्टीने तो संपन्न पाय होता. त्या पायावर अरुंद कालबुताचा बूट चढविताना सक्ती पायावर झाली, बुटावर नाही.

सेंट थॉमस माउंटच्या मैदानावर हा प्रश्न आणखी एका कारणाने तीव्र होतो, आणि ते कारण म्हणजे तेथील स्त्री-प्रशिक्षणार्थी. स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत, अशा समजुतीने पुरुषी कालबूतच आखूड करून स्त्रियांचे बूट शिवण्याचा प्रघात जगभर होता. अमेरिकी सैन्याच्या मापांवर आधारलेल्या २००१ सालच्या अभ्यासात वंडरलिक आणि कॅव्हना यांनी दाखविले, की सारखीच लांबी धरली तरी स्त्रियांच्या पावलाची कमान, बाहेरची कड, अंगठा आणि चवडा यांची प्रमाणे निराळी असतात. टाच ढिली आणि चवडा आवळलेला, अशा बुटात पाऊल आत सरकते. ते धरून ठेवण्यासाठी बोटे आणि पोटरी सतत आवळली जातात. आणि ज्या स्नायूंनी तोल राखावयाचा ते बूट पायात राखण्याच्या कामी खर्ची पडतात. स्त्री-रंगरुटांत हाडांच्या भेगांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असते हे निरनिराळ्या देशांच्या सैन्यांत पुनःपुन्हा आढळले आहे, आणि त्याचा दोष त्यांच्या प्रकृतीवर टाकून मोकळे होण्याची प्रवृत्तीही सर्वत्र आहे.

ही प्रवृत्ती किती अन्यायाची आहे हे ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाने सिद्ध केले. कवायतीत सर्वांचे पाऊल एकाच लांबीचे पडावे लागते. आपल्याकडे ते ३० इंचांचे, आणि मिनिटास सुमारे १२० पावले. उंचीने कमी असलेल्या स्त्रीला त्या रांगेत राहण्यासाठी प्रत्येक पावलागणिक पाय ताणावा लागतो, आणि त्या ताणाने ओटीपोटाच्या हाडांना भेगा पडतात. ऑस्ट्रेलियन भूदलात पोप यांच्या सूचनेवरून प्रत्येकास आपापल्या लांबीचे पाऊल टाकू दिले, चालीचा वेग उतरविला आणि रांगेतील अंतर सैल केले. त्याबरोबर स्त्री-रंगरुटांतील अशा भेगांचे प्रमाण ११.२ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आले. हा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. लष्करी आरोग्याच्या वाङ्मयात इतक्या अल्प खर्चात इतके मोठे फळ दिलेला उपाय प्रस्तुत लेखकास तरी दुसरा माहीत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून स्त्री-छात्रांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. तेव्हा हा विषय आता परंगीमलैपुरता राहिलेला नाही, महाराष्ट्राच्या दारातही येऊन ठेपला आहे.

कवायतीचे बूट हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. तळास खिळे आणि टाचेस नाल ठोकलेला तो बूट काँक्रीटवर आपटला की त्यातून निघणारा नाद संचलनाची शोभा वाढवितो, यात शंका नाही. पण गुडघा उचलून सरळ खाली मारलेल्या पावलाचा आघात शरीरभाराच्या कित्येक पट होतो, हे ब्रिटिश सैन्याच्या कवायतीवरील अलीकडच्या मापनांनी दाखविले आहे. धावताना गुडघा वाकवून पोटरी आणि मांडी जो आघात गिळतात, तो कवायतीत गिळता येत नाही, कारण पाय ताठ ठेवण्याचाच तेथे हुकूम असतो. गुळगुळीत नालेखाली पकडही कमी, म्हणून घसरू नये यासाठी नडगीचे स्नायू आधीच आवळलेले. कवायत सोडून द्यावी असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. शिस्तीचे मोल लेखक जाणतो. पहिल्या आठवड्यांत खिळ्यांऐवजी रबरी तळावर सराव आणि नंतर क्रमाक्रमाने बदल, एवढी सवलत दिली तर शिस्तीस बाध येणार नाही, हाडे मात्र वाचतील.

चेन्नईचे हवामान या साऱ्यात भर घालते. तेथील दमट उन्हाळ्यात बंद बुटातील मोजा तासाभरात भिजतो, ओली कातडी मऊ पडते आणि तिचे घर्षण वाढून फोड येतात. फोड आलेला सैनिक नकळत पाऊल तिरपे टाकू लागतो, आणि त्या एका तिरपेपणाने पोटरीपासून कमरेपर्यंतच्या स्नायूंचा क्रम बिघडतो. अमेरिकेने व्हिएतनामच्या जंगलासाठी कॅनव्हासची नळी आणि पाणी निथळून जाण्यासाठी छिद्रे असलेला बूट काढला तो याच अनुभवातून. थंडीत ओल्या बुटाचा परिणाम याहून भयंकर: १९८२ च्या फॉकलंड युद्धात आखूड, पाणी शोषणाऱ्या ब्रिटिश बुटांमुळे सैनिकांची पावले सडू लागली, आणि मगच, १९८४ साली, त्या सैन्यास नवे उंच बूट मिळाले. मद्रासच्या घामापासून सियाचीनच्या हिमापर्यंत एकाच देशाच्या सैनिकास जावे लागते, तेथे एकाच नमुन्याचा बूट सर्वत्र चालविण्याचा आग्रह टिकणारा नाही.

आता अड्यारच्या संस्थेकडे वळू. भारतात बुटांची मापे इंग्रजांच्या वेळेपासून परक्या पावलांवरून घेतलेली आहेत. भारतीय पाऊल नेमके कसे आहे हे पाहण्यासाठी या संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांची पावले त्रिमितीय यंत्रांनी मोजली. भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असतात, स्त्रियांच्या पावलांची वाढ साधारण अकराव्या वर्षी आणि पुरुषांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी कळसास पोहोचते, आणि अरुंद बुटाला कंटाळून लोक मोठ्या मापाचा बूट घेऊन नाड्या आवळतात, असे त्यातून निष्पन्न झाले. त्या आधारे ‘भा’ या नावाची, आठ गटांची नवी मापपद्धती सुचविण्यात आली. नाड्या आवळून मोठा बूट वापरणे म्हणजे वर सांगितलेल्या दोषांना, जास्तीच्या वजनाला, घसरत्या टाचेला आणि थकणाऱ्या पोटरीला आमंत्रण देणे होय. म्हणून या मोजणीचे महत्त्व बाजारापेक्षा सैन्याला अधिक आहे.

आजवरचे संशोधन पाहता लेखकाचे मत असे झाले आहे, की बूट हलका असावा, चवड्याशी रुंद आणि टाचेशी घट्ट असावा, तळ पातळ नसला तरी फार मऊ नसावा, आणि नळी घोट्याला झाकील पण जखडणार नाही अशी असावी. मऊपणाच्या आणि उंचीच्या मागे धावून जे मिळते त्याहून वजन आणि माप यांत अधिक मिळेल. यासाठी संरक्षण खात्याने अड्यारच्या मोजणीवरून पुरुष व स्त्री सैनिकांची कालबुते स्वतंत्र कापवून घ्यावीत, ती प्रथम परंगीमलैच्या प्रशिक्षणार्थींच्या पायात घालून एक पूर्ण सत्रभर पारखावीत, स्नायूंची विद्युत् आणि इजा या दोहोंची नोंद ठेवावी, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. तोवर कोठारातून बूट देणाऱ्या हवालदाराने नोंदवहीत पावलाच्या लांबीशेजारी चवड्याच्या रुंदीचा एक रकाना वाढवावा, आणि रंगरुटाला मोजे चढवून, पाठीवर ओझे घेऊन, चार पावले चालल्याखेरीज सही करावयास लावू नये, एवढी विनंती.